दाराखालून आलेली पत्रे

१७२२ सालच्या वसंत ऋतूतली गोष्ट. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात 'न्यू इंग्लंड कूरंट' नावाचे एक साप्ताहिक निघत असे. त्याच्या छापखान्याचे दार एका सकाळी उघडले, तेव्हा आतल्या बाजूला घडी घातलेला एक कागद पडलेला होता. रात्री केव्हातरी कुणीतरी तो दाराखालून आत सरकवला होता. कागदावर सही होती सायलेन्स डूगुड या बाईची. आपण एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाची विधवा आहोत, आणि जगाकडे पाहून जे सुचेल ते दर पंधरवड्याला लिहून पाठवण्याचा आपला मानस आहे, असे तिने कळवले होते.

छापखान्याचा मालक जेम्स फ्रँकलिन. त्याची चार लिहिती मित्रमंडळी तिथे रोज जमत. कागद हातोहात फिरला. सर्वांना तो फार आवडला. मग हे लिहिले कुणी असावे यावर तर्क सुरू झाले. बाईचे नाव खोटे आहे हे उघडच होते; पण लेखणी कुणाची? गावातल्या एकेका विद्वानाचे नाव पुढे येऊ लागले. पलीकडे खिळे जुळवत उभा असलेला जेम्सचा सोळा वर्षांचा धाकटा भाऊ हे सगळे मुकाट्याने ऐकत होता. त्याच्याकडे पाहण्याचे कुणाच्या मनातही आले नाही. पत्र त्यानेच लिहिले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून वळण बदलून लिहिले होते.

हा मुलगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. आकाशातली वीज आणि पतंगाची दोरी, अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, शंभर डॉलरच्या नोटेवरचा तो लांब केसांचा म्हातारा, एवढी ओळख आपल्याकडे शाळकरी पोरालाही असते. पण या माणसाने वयाच्या सोळाव्या वर्षापासून चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत किती खोट्या नावांनी लिहिले याची मोजदाद अभ्यासकांना अजून पुरती करता आलेली नाही. आज घरोघरी मोबाइलवर भलत्याच नावाची नि भलत्याच फोटोची खाती दिसतात, आणि खोटे नाव घेणारा माणूस लबाडच असला पाहिजे असे आपण म्हणून टाकतो. फ्रँकलिनचे आयुष्य त्या एकाच कोनातून पाहिले तर काय दिसते, हे जरा निरखण्यासारखे आहे.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा. बाप जोसाया मेणबत्त्या आणि साबण करून विकत असे. दोन बायकांची मिळून सतरा मुले. त्यांत बेंजामिन पंधरावा. शाळा कशीबशी दोन वर्षे. बाराव्या वर्षी बापाने त्याला थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला बांधून दिले, तेही एकविसाव्या वर्षापर्यंत. उमेदवारी म्हणजे जवळजवळ वेठच. भाऊ मालक होता आणि मालकासारखाच वागे, प्रसंगी मारीसुद्धा. मुलगा रात्री जागून पुस्तके वाची, चांगल्या लेखकांचे निबंध वाचून बाजूला ठेवी आणि काही दिवसांनी ते आपल्या शब्दांत पुन्हा लिहून पाही. लिहिता येऊ लागले होते, पण छापणार कोण? आपले नाव घालून दिले असते तर भावाने कागद न वाचताच टोपलीत टाकला असता, हे त्याला पक्के ठाऊक होते.

म्हणून विधवा बाई. सायलेन्स म्हणजे मौन, आणि डूगुड म्हणजे भले कर. त्या काळी बॉस्टनवर कॉटन मॅदर या बड्या धर्मोपदेशकाचा पगडा होता आणि भले कसे करावे यावर त्याने एक ग्रंथच लिहिला होता. त्याला हा चिमटा. शिवाय नाव मौन आणि बाई तोंडाळ! तिचा जन्म म्हणे इंग्लंडहून येणाऱ्या जहाजावर झाला. बाप आनंदाने डेकवर उभा असताना एक लाट आली आणि त्याला घेऊन गेली. सोळा वर्षांच्या ज्या पोराने बॉस्टनची हद्द फारशी ओलांडली नव्हती, त्याने चाळिशीकडे झुकलेल्या बाईचे हे आयुष्य अशा ठसक्यात लिहिले की वाचकांना ती शेजारीण वाटू लागली.

बाई बोलली तरी कशावर? हार्वर्ड कॉलेजावर, जिथे श्रीमंत बाप आपले मठ्ठ चिरंजीव पाठवतात. बायकांच्या फुगीर घागऱ्यांवर. दारूबाजीवर. मयताच्या रडगाण्यासारख्या कवितांवर. निराधार विधवांसाठी वर्गणीतून निधी उभारावा, अशी एक शहाणी सूचनाही तिने केली. आणि जूनमध्ये सरकारवर टीका केली म्हणून जेम्सला महिनाभर तुरुंगात टाकले, तेव्हा या बाईने विचार आणि वाणीच्या स्वातंत्र्यावरचा लंडनच्या वृत्तपत्रातला एक उतारा देऊन सत्ताधाऱ्यांना सुनावले. एप्रिल ते ऑक्टोबर अशी चौदा पत्रे झाली. मग मजकूर संपला आणि मुलाने आपणच ते लिहिल्याचे सांगून टाकले. मित्रमंडळींनी कौतुक केले. भावाला ते रुचले नाही. पोर चढून जाईल असे त्याला वाटले.

आपल्याकडच्या वाचकाला इथे गोपाळ हरी देशमुखांची आठवण आल्यावाचून राहणार नाही. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या सहीने त्यांनी शतपत्रे लिहिली तेव्हा ते पंचविशीतले सरकारी नोकर होते आणि टीका करीत होते ती स्वतःच्याच समाजावर. टोपणनाव ही अशा वेळी ओढून घेतलेली कांबळ असते. पावसात बाहेर तर पडायचे आहे, मग डोक्यावर काहीतरी हवेच.

यानंतर बॉस्टनमध्ये जे घडले त्याची गंमत काही औरच. १७२३ च्या जानेवारीत सरकारने जेम्सला 'कूरंट' छापण्यास मनाई केली. तेव्हा त्याने पळवाट काढली: प्रकाशक म्हणून बेंजामिनचे नाव छापायचे. उमेदवाराच्या नावाने पत्र निघते हे बेकायदा ठरू नये म्हणून जुन्या करारपत्रावर मुक्तता लिहून ते लोकांना दाखवण्यासाठी ठेवले, आणि आतून गुपचूप दुसरा करार करून घेतला. म्हणजे बेंजामिनने खोट्या नावाने लिहिलेला मजकूर मनापासून लिहिलेला होता, आणि त्याचे खरे नाव पहिल्यांदा छापले गेले ते बनवाबनवीसाठी! पुढे भांडण विकोपाला गेले तेव्हा मुलाच्या लक्षात आले की, भाऊ तो गुप्त करार कुणाला दाखवू शकणार नाही. त्याने पुस्तके विकली आणि सप्टेंबरमध्ये पळ काढला. जहाजाच्या कप्तानाला मित्राने सांगून ठेवले की, या पोराने एका मुलीला अडचणीत आणले आहे आणि तिच्या घरचे लग्नाला भरीस घालत आहेत. हीही थापच. गंमत पाहा, तो पळून गेल्यावरही 'कूरंट'वर प्रकाशक म्हणून त्याचेच नाव काही वर्षे छापले जात होते.

फिलाडेल्फियात तो उतरला तेव्हा खिशात जेमतेम पैसे आणि काखेत पावाच्या गुंडाळ्या होत्या, हे चित्र त्याने स्वतःच आत्मचरित्रात रंगवून ठेवले आहे. पुढची वर्षे धावपळीची: दोन वर्षे लंडनमध्ये छापखान्यात नोकरी, परत येऊन स्वतःचा छापखाना, १७२९ मध्ये 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' हे पत्र विकत घेतले, १७३० मध्ये डेबोरा रीडशी संसार मांडला. आता मालक तोच आणि संपादकही तोच. पत्र छापायला कुणाची भीती नव्हती. तरीही त्याने खोटी नावे सोडली नाहीत. उलट पीक भरघोस आले. अँथनी आफ्टरविट हा बायकोच्या खर्चाने टेकीस आलेला नवरा, त्याला उत्तर देणारी सीलिया सिंगल, आणि गावभर चहाड्या करणे हीच समाजसेवा असे मानणारी अ‍ॅलिस अ‍ॅडरटंग. ही सगळी मंडळी संपादकाला पत्रे लिहीत आणि संपादक ती छापून त्यांना उत्तरे देई. आज एकच इसम पाच खाती उघडून स्वतःच्याच लिखाणाला शाबासकी देतो, त्याचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की, फ्रँकलिनचे पाचही जण एकमेकांपेक्षा वेगळे बोलत.

१७३२ च्या अखेरीस त्याने पंचांग काढले. तिकडच्या पंचांगांत तिथी-वारांबरोबर हवामानाची भाकिते, म्हणी, नुसखे असा मसाला असे आणि बायबलानंतर घरात असलेच तर तेवढे एक पुस्तक असे. पंचांगकर्ता म्हणून नाव घातले रिचर्ड सॉन्डर्स: ग्रहताऱ्यांत रमलेला गरीब ज्योतिषी, ज्याला कजाग बायको ब्रिजेट कमावून आणायला सांगते. 'पुअर रिचर्ड' नावाने ते पंचांग पंचवीस वर्षे निघाले आणि वर्षाला सुमारे दहा हजार प्रती खपल्या. फ्रँकलिनच्या श्रीमंतीचा पाया या गरीब रिचर्डने घातला.

पण पहिल्याच वर्षी रिचर्डने एक उचापत केली. टायटन लीड्स नावाचा खराखुरा पंचांगकर्ता त्याचा प्रतिस्पर्धी होता. रिचर्डने लिहिले की, आपल्या या परममित्राचा अंतकाळ जवळ आला असून तो १७ ऑक्टोबर १७३३ रोजी दुपारी ३ वाजून २९ मिनिटांनी मरणार आहे. लीड्सच्या स्वतःच्या गणिताने मात्र तो २६ तारखेपर्यंत जगेल, एवढाच काय तो दोघांत मतभेद. तारीख उलटली. लीड्स जिवंत होता आणि संतापलेला होता. पुढच्या पंचांगात त्याने रिचर्डला मूर्ख आणि खोटारडा ठरवले. त्यावर रिचर्डचे उत्तर असे की, माझा सभ्य मित्र लीड्स मला असे घाणेरडे बोलणे शक्यच नाही, तेव्हा तो गेला हे नक्की, आणि त्याच्या नावाने आता भलताच कुणीतरी लिहितो आहे. हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. १७३८ मध्ये लीड्स खरोखर वारला. तरी १७४० च्या पंचांगात त्याच्या पिशाच्चाचे पत्र छापून आले: भाकीत खरे होते, फक्त पाच-सहा मिनिटांचा फरक पडला.

कल्पना मुळात उसनी. इंग्लंडमध्ये जोनाथन स्विफ्टने १७०८ मध्ये पार्ट्रिज नावाच्या ज्योतिषाची अशीच फिरकी घेतली होती. वाचताना आजही हसू येते. पण हसून झाल्यावर लीड्सच्या बाजूने क्षणभर विचार करावा. तो होता खरा आणि त्याच्याशी भांडणारा होता खोटा. सॉन्डर्स नावाच्या माणसाच्या दारात जाऊन जाब विचारावा तर असा माणूसच नाही. आपण जिवंत आहोत हे तो जितक्या मोठ्याने ओरडून सांगे तितका दुसऱ्याच्या पंचांगाचा खप वाढे. खोट्या नावाच्या माणसाशी खऱ्या नावाने भांडणाऱ्याची ही कोंडी आज ज्यांनी भोगली आहे, त्यांना लीड्सचा संताप समजेल.

याच सुमारास फ्रँकलिनच्या घरात एक घटना घडली आणि तिथे त्याला खऱ्या नावाने बोलावे लागले. १७३६ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या रोगाने गेला. गावात कुजबूज सुरू झाली की, मुलाला देवी टोचल्या होत्या आणि त्यानेच तो दगावला. देवी टोचण्याविरुद्ध बॉस्टनमध्ये सर्वांत जास्त गदारोळ १७२१ मध्ये कुणी केला होता, तर जेम्सच्या 'कूरंट'ने. बेंजामिन तेव्हा तिथेच उमेदवार होता. आता मुलगा पुरल्यावर त्याने 'गॅझेट'मध्ये जाहीर केले की, मुलाला टोचलेच नव्हते. त्याला रोग नेहमीच्या संसर्गाने झाला आणि टोचणे हा सुरक्षित उपाय आहे असे आपले मत आहे. अफवेने दुसऱ्या घरातली मुले मरू नयेत म्हणून लिहिलेल्या त्या चार ओळी विनोदाविना आहेत. मुलाला वेळेवर टोचले नाही ही खंत त्याने म्हातारपणी आत्मचरित्रातही नोंदवून ठेवली.

वर्गणीचे ग्रंथालय, आगीचे बंब, विजेचे प्रयोग, इमारतींवरचे वीजवाहक हे सगळे याच्या आगेमागचे. ते पुष्कळांनी पुष्कळदा लिहिले आहे, ते इथे सोडू. आपल्याला पॉली बेकरला भेटले पाहिजे. १७४७ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रात तिचे न्यायालयातले भाषण छापून आले. कनेक्टिकटमधल्या या बाईवर लग्नाविना पाचवे मूल झाल्याबद्दल खटला भरला होता. तिने न्यायाधीशांना विचारले की, मुले जन्माला घालून मी वसाहतीची प्रजाच वाढवली ना? आणि ज्या पुरुषाने मला प्रथम फसवले तो आज तुमच्यासारखाच मानाच्या जागी बसला आहे, त्याला दंड का नाही? भाषण ऐकून एका न्यायाधीशाने दुसऱ्याच दिवशी तिच्याशी लग्न केले, अशी पुस्ती. लेख नियतकालिकांतून फिरला. रेनाल या फ्रेंच पंडिताने १७७० मध्ये आपल्या इतिहासग्रंथात तो सत्य घटना म्हणून घालून दिला. काही वर्षांनी पॅरिसमध्ये फ्रँकलिनने त्याला हसत सांगितले की, ती बाई माझ्याच लेखणीतून उतरली आहे. रेनालने ग्रंथातून ती काढली नाही म्हणतात. फ्रँकलिनचा थोरला मुलगा विल्यम हाही विवाहबाह्यच होता आणि त्याची आई कोण हे जगाला कधी कळले नाही. पॉलीच्या तोंडचे शब्द जिला बोलायला मिळाले नाहीत अशी एक खरी बाई कुठेतरी होती, हे वाचताना विसरता येत नाही.

१७५७ पासून मधला थोडा काळ वगळता जवळजवळ अठरा वर्षे तो लंडनमध्ये वसाहतींचा वकील म्हणून राहिला. तिथल्या वृत्तपत्रांत अमेरिकेबद्दल वाटेल ते छापून येई आणि त्याला तो वाटेल त्या नावाने उत्तरे देई. अमेरिकेतल्या मेंढ्यांच्या शेपटांवर इतकी लोकर असते की, प्रत्येकीच्या शेपटीखाली चार चाकांचा छोटा गाडा लावावा लागतो, आणि देवमासे माशांचा पाठलाग करीत नायगाऱ्याच्या धबधब्यावर उड्या मारतात, असे १७६५ मध्ये त्याने एका प्रवाशाच्या नावाने ठोकून दिले. अमेरिकन लोकांना चहाविना न्याहारी जमणार नाही असे कुणी म्हटल्यावर 'होमस्पन' या नावाने मक्याच्या पदार्थांचे गोडवे गायले. १७७३ च्या सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या राजाचे फर्मान छापून आले: इंग्लंडमध्ये मूळ वस्ती जर्मनांनी केली, सबब इंग्रजांनी आम्हांला कर द्यावा, लोखंड आणि टोप्या आमच्या परवानगीविना बनवू नयेत, आणि आमच्या तुरुंगांतले गुन्हेगार आम्ही त्यांच्या देशात पाठवू. अमेरिकेवर ब्रिटनने लादलेले कायदेच राजाच्या मुखी घातले होते. फ्रँकलिन तेव्हा एका लॉर्डाच्या घरी पाहुणा होता. न्याहारीच्या वेळी दुसरा पाहुणा वर्तमानपत्र घेऊन धापा टाकीत आला आणि प्रशियाच्या राजाचा उद्दामपणा मोठ्याने वाचून दाखवू लागला. थोडे वाचून झाल्यावर लोकांनी फ्रँकलिनच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग हशा पिकला.

त्याच वर्षीच्या अखेरीस मात्र हसण्याचे दिवस संपले. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन याने लंडनमधल्या एका गृहस्थाला लिहिलेली खाजगी पत्रे कुणीतरी फ्रँकलिनच्या हाती दिली होती. वसाहतींतल्या लोकांच्या स्वातंत्र्याला लगाम घालावा अशा आशयाची ती पत्रे त्याने गुप्तपणे बॉस्टनला पाठवली. छापू नयेत असे बजावले, पण ती १७७३ मध्ये छापली गेली. लंडनमध्ये आळ भलत्याच दोघांवर आला. ती पत्रे ज्याला लिहिली होती त्याच्या भावाने एकावर संशय घेतला आणि ११ डिसेंबरला हाइड पार्कमध्ये त्यांचे द्वंद्व झाले. एक जण चांगलाच जखमी झाला. दुसऱ्या लढतीची बोलणी सुरू झाली, तेव्हा फ्रँकलिनने नाताळच्या दिवशी वृत्तपत्रात स्वतःच्या पूर्ण नावानिशी लिहिले की, पत्रे पाठवणारा मीच.

त्याची किंमत मोठी होती. २९ जानेवारी १७७४ रोजी प्रिव्ही कौन्सिलसमोर, खच्चून भरलेल्या दालनात, सरकारी वकील वेडरबर्नने त्याची तासभर चामडी सोलली. चोर म्हणायचे तेवढे बाकी ठेवले. सरदार मंडळी हसत होती, टाळ्या देत होती. अडुसष्ट वर्षांचा फ्रँकलिन मखमली पोशाखात निश्चल उभा होता. चेहऱ्यावरची रेष हलली नाही की तोंडातून शब्द निघाला नाही. सायलेन्स डूगुडचे नाव त्या दिवशी खऱ्या अर्थाने त्याला शोभले. लगेच त्याला अमेरिकेच्या उपमहाडाकपालाच्या जागेवरून काढण्यात आले. पत्रे त्याला दिली कुणी, हे मात्र त्याने मरेपर्यंत सांगितले नाही. चार वर्षांनी फ्रान्सशी तह करताना त्याने तोच मखमली पोशाख मुद्दाम घातला होता, असे सांगतात.

इथवर फ्रँकलिनची बाजू घ्यायला मन तयार होते. आता जे सांगायचे ते सांगताना लेखणी जड होते.

१७७६ च्या डिसेंबरपासून तो फ्रान्समध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी होता. पॅरिसजवळच्या पासी गावी राहत्या घरी त्याने हौसेने छोटा छापखाना ठेवला होता. १७८२ च्या एप्रिलमध्ये, ब्रिटनशी तहाची बोलणी सुरू होत असताना, त्याने तिथे एक पुरवणी छापली. बॉस्टनच्या 'इंडिपेंडंट क्रॉनिकल' या खरोखरीच्या पत्राची ती पुरवणी असल्याचे वर लिहिले होते. अंक क्रमांक, १२ मार्चची तारीख, जमीन विकणे आहे अशा खोट्या जाहिरातीसुद्धा. आतला मजकूर एका न सापडणाऱ्या कप्तानाचे पत्र. सेनेका जमातीच्या मूलनिवासींनी कॅनडाच्या ब्रिटिश गव्हर्नरमार्फत इंग्लंडच्या राजाला भेट म्हणून माणसांच्या डोक्यांच्या कातड्यांचे आठ गठ्ठे पाठवले, ते वाटेत पकडले गेले, असे त्यात होते. गठ्ठ्यांची यादी दुकानदाराच्या बिलासारखी थंडपणे दिलेली: इतके शेतकरी, बायका ८८, मुलगे १९३, मुली २११. एक अक्षर खरे नव्हते.

आपल्याकडे टोपणनाव आणि तोतया हे दोन वेगळे शब्द आहेत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा तो गंमत करीत नव्हता. दुसऱ्याच्या नावावर लोकांचा जो विश्वास होता तो चोरत होता. विधवा डूगुड कुणाच्याही जागी बसली नव्हती. ही पुरवणी मात्र तोतया होती. फ्रँकलिनने तिच्या प्रती स्नेह्यांना पाठवल्या. जॉन अ‍ॅडम्सला लिहिताना, कागद अस्सल नसेलही पण त्यातली हकिगत सत्याला धरून आहे, असा पवित्रा घेतला. हेतू हा की, इंग्रज जनतेला राजाची लाज वाटावी. ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी तो मजकूर उचलला आणि एकोणिसाव्या शतकातही तो खरा म्हणून पुन्हा छापला जात होता.

यात बळी कोण पडले? राजा नव्हे. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून गेलेल्या फौजेने सेनेका आणि त्यांच्या भाऊबंदांची सुमारे चाळीस गावे उभ्या पिकांसकट जाळली होती. आणि पुरवणीवर जी खोटी तारीख घातली होती, तिच्या चारच दिवस आधी, ८ मार्च १७८२ रोजी, ओहायो नदीपलीकडे ग्नाडेनहुटन येथे पेनसिल्व्हेनियाच्या शिपायांनी ख्रिस्ती झालेल्या ९६ निःशस्त्र मूलनिवासींना ठार मारले होते. त्यांत ३९ मुले होती. त्यांच्या डोक्यांची कातडी खरोखर काढली गेली. फ्रँकलिनला पुरवणी छापताना हे कळलेले असणे शक्य नव्हते. उन्हाळ्यात कळले तेव्हा त्याला फार दुःख झाले, आणि त्याचाही दोष त्याने इंग्लंडच्या राजाच्याच माथी मारला. याच माणसाने १७६४ मध्ये, लँकेस्टर भागात गोऱ्या टोळीने वीस निरपराध कोनेस्टोगांची कत्तल केली तेव्हा, त्या खुन्यांविरुद्ध जळजळीत पत्रक लिहिले होते आणि त्यापायी मतेही गमावली होती. अठरा वर्षांत युद्धाने त्याला कुठून कुठे नेले! पुरवणीला कुणी त्याची चतुराई म्हणतात. मला ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत वाईट छपाई वाटते.

१७८५ मध्ये तो मायदेशी परतला. वय एकोणऐंशी, मूतखड्याचा जाच, तरी दोन वर्षांनी राज्यघटना बनवणाऱ्या सभेत बसला. त्याच वर्षी गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्षपद त्याने घेतले. इथेही त्याचा मागचा हिशेब स्वच्छ नव्हता. त्याच्या घरी गुलाम होते. १७५७ मध्ये लंडनला जाताना त्याने दोघांना बरोबर नेले आणि त्यांतला एक पळून गेला. मालकाच्या घरून पळालेल्या उमेदवाराने पुढे आपल्या 'गॅझेट'मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती पैसे घेऊन छापल्या. गुलामगिरीविरुद्धची पुस्तकेही त्याच छापखान्यात छापली गेली, हेही खरे.

१७९० च्या फेब्रुवारीत त्याने संस्थेच्या वतीने काँग्रेसपुढे गुलामगिरी संपवण्यासाठी अर्ज केला. खाली सही स्वतःची. जॉर्जियाचे प्रतिनिधी जेम्स जॅक्सन यांनी सभागृहात गुलामगिरीचे जोरदार समर्थन केले, आणि या व्यवहारात हात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही असे मार्चमध्ये सभागृहाने ठरवून टाकले. फ्रँकलिन अंथरुणाला खिळलेला होता. वेदना थांबवायला अफू घ्यावी लागे. २३ मार्चला त्याने 'हिस्टॉरिकस' या नावाने एका वृत्तपत्राला पत्र लिहिले. जॅक्सन यांचे भाषण वाचून आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच्या एका भाषणाची आठवण झाली, असे हा हिस्टॉरिकस म्हणतो. अल्जीयर्सच्या दरबारातला कुणी सिदी मेहमेत इब्राहिम तिथे सांगतो आहे की, ख्रिस्ती गुलामांना सोडू नये: त्यांना सोडले तर या उन्हात आमची शेते कोण करील, मालकांचे नुकसान कोण भरून देईल, आणि त्यांच्या देशापेक्षा ते आमच्याकडेच सुखात नाहीत काय? जॅक्सनचाच प्रत्येक मुद्दा, फक्त साखळी गोऱ्यांच्या पायात. सिदी मेहमेत कधी झालाच नव्हता. पत्र २५ मार्चला छापून आले.

अडुसष्ट वर्षांपूर्वी दाराखालून सरकवलेल्या पत्रात आणि या पत्रात हात तोच होता, हे ओळखणे आता कुणाला जड गेले नाही. फ्रँकलिन १७ एप्रिल १७९० रोजी गेला. मृत्युपत्रात त्याने स्वतःची ओळख देताना राजदूत, अध्यक्ष वगैरे सगळे नंतर घातले. आधी लिहिले ते मुद्रक. फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत सपाट दगडावर त्याचे आणि डेबोराचे नाव आहे आणि खाली १७९० हे साल. दुसरे काही कोरलेले नाही.